थेंब कोण घालते?

तान्ह्या बाळाला दवाखान्यातून घरी सोडताना कार्डावर ‘शस्त्रक्रिया यशस्वी’ असा शेरा मारतात. मोतीबिंदूच्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तो बहुधा पुरा खरा असतो. जन्मजात काचबिंदू असलेल्या बाळाच्या बाबतीत मात्र तो अर्धाच खरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेला अर्धा भाग पुढे कित्येक वर्षे एक बाई आपल्या हातांनी आणि पायांनी खरा करत असते. त्या कामाची नोंद कार्डावर होत नाही, घरात होत नाही आणि सरकारच्या कुठल्या रजिस्टरातही होत नाही. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्ही ‘फॉलोअप’ हा शब्द उत्तरपत्रिकांतून शंभरदा लिहिला असेल. तो करताना पाय कोणाचे झिजतात हे मी चंद्रपूर-गडचिरोलीत काम करू लागले तेव्हा पाहिले.

आधी आजाराविषयी थोडे. काचबिंदू म्हटले की आपल्याला साठीच्या पुढची माणसे आठवतात, पण तो बाळ पोटात असल्यापासूनही असू शकतो. डोळ्याच्या आत सतत थोडे थोडे पाणी तयार होत असते आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून ते वाहून जाते. काही बाळांत ही जाळी नीट घडलेलीच नसते. पाणी तुंबते, दाब वाढतो आणि डोळ्याची नस चेपू लागते. मोठ्या माणसाचा डोळा ताणत नाही. तान्ह्याचा डोळा मऊ असतो, तो फुगतो. जन्मलेल्या बाळाचे बुबुळ साधारण १० मिलिमीटर रुंद असते. पहिल्या वर्षात ते १२च्या पुढे गेले तर संशय घ्यायचा. पुढे त्यावर निळसर, पांढुरकी झाक येते. बाळाच्या डोळ्यांतून सारखे पाणी गळते, पापण्या घट्ट मिटलेल्या राहतात आणि उजेडात नेले की ते किंचाळते. डॉक्टरी पुस्तकांत या मोठ्या डोळ्याला एक ग्रीक नाव आहे, त्याचा अर्थ बैलाचा डोळा. पाश्चात्त्य देशांत साधारण दहा हजार जन्मांमागे असे एक बाळ सापडते. आपल्या नदीपलीकडच्या आंध्र प्रदेशात, राज्य अखंड असताना झालेल्या पाहणीत ते प्रमाण ३,३०० जन्मांमागे एक इतके निघाले होते.

आता अडचण अशी, की यातले पहिले लक्षण आपल्याकडे कौतुकाचे आहे. धानोरा तालुक्यातल्या ज्या मुलीविषयी मी लिहिते आहे, तिच्या बारशाला आलेल्या प्रत्येक बाईने तिच्या टपोऱ्या डोळ्यांची दृष्ट काढली. मुलीचे डोळे मोठे म्हणजे पुढे सोयरीक लवकर जुळणार, असा सगळ्यांचा हिशेब! पाणी गळते तर चुलीचा धूर लागत असेल, असे सासू म्हणाली. काजळ घातले गेले, आईचे दूध पिळले गेले, पुजाऱ्याने अंगारा लावला. आरोग्य केंद्रात दोनदा दाखवले तेव्हा डोळे आल्याचे थेंब मिळाले. वेगळे काही आहे हे पहिल्यांदा आईच्या लक्षात आले, तेही मोहफुले वेचायला जाताना. चैत्रातल्या उन्हात पाठीशी बांधलेली मुलगी मानेत तोंड खुपसून रडायची आणि घराच्या अंधाऱ्या खोलीत आली की गप्प व्हायची. “ताई, हे उजेडाले भेते,” असे तिने मला सांगितले. मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंतर अर्धा तास तपासून जे निदान केले, ते शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या या बाईने चार शब्दांत केले होते.

निदान झाल्यावर घरात पहिला प्रश्न उपचाराचा निघाला नाही, दोषाचा निघाला. गरोदरपणी ग्रहण पाहिले असेल. विहिरीवर भलत्या वेळी गेली असेल. तिच्या माहेरच्या एका मावशीला दिसत नव्हते म्हणे. महिन्याभरात तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची गोष्टसुद्धा एका नातेवाइकाच्या तोंडून निघाली. या बोलण्याला उत्तर देण्यासाठी मला जनुकशास्त्र घेऊन बसावे लागले, आणि ते या भागात वाटते तितके अवघड नाही. गडचिरोलीत सिकलसेलची शिबिरे वर्षानुवर्षे चालू आहेत. आई आणि बाप दोघेही वाहक असले तरच मूल आजारी होते, एकट्या आईकडून किंवा एकट्या बापाकडून नाही, हे गावात बऱ्याच जणांनी ऐकलेले आहे. जन्मजात काचबिंदूचे गणित बहुतेक कुटुंबांत तेच आहे. १९९७ साली शास्त्रज्ञांनी सीवायपी१बी१ हे जनुक या आजाराशी जोडून दाखवले. त्यात बिघाड असलेली एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून आली तर बाळाला आजार होतो. दोघांचे डोळे मात्र ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात ही शक्यता चारात एक असते. मुलीचे आईबाप नात्याने आते-मामे भावंडे आहेत, तेव्हा एकाच आजोबा-आजीकडून ती प्रत दोघांकडे आलेली असू शकते. मी हे बैठकीत सांगितल्यावर आजोबा म्हणाले, म्हणजे दोष आमच्याही घरचा. मी म्हटले, दोष कोणाचाच नाही, पण वाटा दोन्ही घरांचा आहे. आणि त्याच नात्यागोत्यातून दुसरी बायको आणली तर तीही वाहक निघू शकते. दुसऱ्या लग्नाची गोष्ट तिथे थांबली.

नात्यातली लग्ने बंद करा, असे व्याख्यान शहरातली माणसे इथे येऊन देतात तेव्हा मला ऐकवत नाही. मामाच्या घरी मुलगी देणे यामागे या समाजांची जमिनीची, श्रमाची आणि मुलीच्या सुरक्षिततेची स्वतःची व्यवस्था आहे. धोका समजावून सांगावा, पुढच्या बाळाचे डोळे जन्मल्याबरोबर तपासून घ्यायला सांगावे. निर्णय त्यांचा.

शस्त्रक्रियेचे बोलायचे तर, अमेरिकेत ऑटो बार्कन या डॉक्टरांनी १९४०च्या सुमारास बाळाच्या डोळ्यातली ही वाट मोकळी करण्याची पद्धत बसवली, त्याआधी अशी बहुतेक मुले आंधळीच होत. आपल्याकडे निदान उशिरा होते, बुबुळ आधीच धुरकट झालेले असते, त्यामुळे बाहेरच्या बाजूने वाट उघडणे आणि पाण्याला नवी वाट करून देणे अशा दोन क्रिया एकत्र करण्याची रीत रुळली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. अनिल कुमार मंडल यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले. त्यांना २००३ सालचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. ही संस्था गरिबांवर मोफत उपचार करते, आणि सिरोंच्याच्या माणसाला नागपूरपेक्षा वरंगळ-हैदराबादची वाट जवळची आहे. आमच्या मुलीला नागपूर सोयीचे होते. भूल देण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी करून घ्या, असा आग्रह आम्ही धरला. या भागातल्या प्रत्येक बाळासाठी तो धरायला हवा, आणि बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल तर साधी चाचणी फसवू शकते, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या डोळ्याची तारीख दहा दिवसांनंतरची होती. मधल्या दिवसांत गावाकडून निरोप आला: पोरगीच तं आहे, एका डोऱ्यानं दिसलं तरी भागते. हा निरोप पाठवणारी माणसे दुष्ट नव्हती. तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आला होता, त्या पंधरा-वीस दिवसांच्या पैशावर घराचा पावसाळा निघतो. पण मुलगा असता तर हा निरोप आला नसता, हेही मी लिहून ठेवते. पाश्चात्त्य पुस्तकांत या आजारात मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा जास्त दिले आहे. आता, हे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही. आपल्या रुग्णालयांच्या रजिस्टरांत मुलगे जास्त दिसले तर त्यातला निसर्गाचा भाग किती आणि एसटीच्या तिकिटाचा किती, हे कोणीतरी मोजायला हवे. आई निरोप ऐकून नागपूरलाच थांबली. तिने भांडण केले नाही, फक्त उठली नाही.

आणि मग खरे काम सुरू झाले. सुटी देताना मिळालेल्या कागदाप्रमाणे एक औषध पहिले दोन आठवडे दिवसातून सहा वेळा, पुढचे दोन आठवडे चार वेळा, त्यापुढचे दोन आठवडे दोन वेळा. हिशेब केला तर सहा आठवड्यांत १६८ वेळा, आणि हे एका औषधाचे, एका डोळ्याचे. दुसरा डोळा दहा दिवस मागे, म्हणजे दोन डोळ्यांची दोन वेळापत्रके. बाळाला लुगड्यात हात आत घेऊन गुंडाळायचे, डोके दोन मांड्यांत धरायचे, खालची पापणी हलकेच ओढून एक थेंब सोडायचा आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर दाबून ठेवायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. मुलगी रडायची. रडताना डोळ्यावर ताण येऊ नये म्हणून आधी पाजायचे. रात्री तिने डोळे चोळू नयेत म्हणून प्लॅस्टिकची भोकाची वाटी चिकटपट्टीने बसवायची. आंघोळीचे पाणी डोक्यावरून नाही, चुलीजवळ नाही, धुळीत नाही. ज्या घराला एकच खोली आहे आणि त्या खोलीतच चूल आहे, तिथे ‘चुलीजवळ नाही’ याचा अर्थ असा, की आईने सहा आठवडे स्वयंपाक अंगणात केला. वैशाखात, विदर्भाच्या उन्हात.

तिसऱ्या आठवड्यात मुलीने दारातल्या उजेडात डोळे उघडे ठेवले. सहाव्या आठवड्यापर्यंत उजव्या बुबुळावरची झाक बरीच निवळली आणि अंगणातल्या कोंबडीमागे तिची नजर फिरू लागली. या वयात दाब वेळेवर उतरला तर चेपलेली नससुद्धा काही प्रमाणात सावरते, हे मोठ्या माणसाच्या काचबिंदूत होत नाही. मात्र ताणलेला डोळा ताणलेलाच राहतो. त्याला लांबचे कमी दिसते, म्हणून सात-आठ महिन्यांच्या मुलीला चष्मा लागतो. डावा डोळा उजव्यापेक्षा अधू राहिला, तेव्हा रोज काही तास उजव्यावर पट्टी लावून डाव्याला कामाला लावायचे, नाहीतर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मेंदूची ही शिकण्याची मुदत साधारण सात-आठ वर्षांची, आणि तिचे पहिले महिने सगळ्यांत मोलाचे. चांगला डोळा बांधलेल्या, चिडलेल्या मुलीला घेऊन दिवसाचे काही तास काढणे हे काय काम आहे, ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. वर गावभर बोलणे, की चांगला डोळा झाकते, वेडी आहे का!

पहिल्या वर्षात शस्त्रक्रियेचे मुक्काम सोडून नऊ खेपा झाल्या. गावाहून धानोरा, धानोऱ्याहून गडचिरोली, तिथून पुढे सुमारे १७० किलोमीटर नागपूर. बाळाच्या डोळ्यातला दाब जागेपणी नीट मोजता येत नाही, भूल द्यावी लागते, म्हणून रात्रीच पोचून पहाटेपासून उपाशी ठेवायचे. एक खेप म्हणजे तीन दिवस. नऊ त्रिक सत्तावीस. मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले त्याची टिंगल मी शहरात पुष्कळ ऐकली. या बाईच्या चार खेपा त्या अर्ध्या तिकिटावर झाल्या आहेत.

नवऱ्याविषयी अन्याय करायचा नाही. त्याने शस्त्रक्रियेच्या वेळी एक बैल विकला आणि दवाखान्याच्या ओट्यावर आठ रात्री काढल्या. गावात आजही सांगतात, बापाने लेकीच्या डोळ्यांसाठी बैल विकला. खरेच आहे ते. पण त्या १६८ थेंबांचे आणि सत्तावीस दिवसांचे कोणी काही सांगत नाही, कारण ते आईने केले आणि आईने करायचेच असते. विकलेला बैल दिसतो. बुडालेली मजुरी दिसत नाही, कारण ती हातात आलेलीच नसते. आपल्या चळवळीने घरकामाच्या मोलाबद्दल इतकी वर्षे मांडणी केली, पण आजारी मुलाच्या शुश्रूषेला आपणही बहुतेक वेळा ‘माया’ म्हणून सोडून देतो. ते कुशल काम आहे. एक प्रसंग सांगते. शस्त्रक्रियेला पाच महिने झाल्यावर मुलीचा डावा डोळा लाल झाला. तालुक्याच्या औषध दुकानदाराने लाल डोळ्याचे थेंब दिले. घरी आल्यावर आईने पत्र्याच्या डब्यातून जुन्या रिकाम्या बाटल्या काढल्या, एक जुळवून पाहिली आणि म्हणाली, “हे तं बंद करा म्हनले होते डॉक्टर.” ते स्टिरॉइडचे थेंब होते. शस्त्रक्रियेनंतर ठरलेल्या मुदतीत ते लागतातच, पण डॉक्टरांना न विचारता चालू ठेवले तर तेच औषध डोळ्याचा दाब वाढवते. तिने बाटली उघडली नाही. आशाताईच्या फोनवरून नागपूरला विचारले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघाली, कारण ज्या डोळ्यात पाण्याला नवी वाट केली आहे तो लाल होणे म्हणजे एक दिवसही थांबायचे नाही, हे तिला एकदाच सांगितले होते. जंतुसंसर्ग वेळेत आटोक्यात आला. ‘शस्त्रक्रिया यशस्वी’ हा शेरा त्या दिवशी पुसला जाता जाता राहिला.

ही जोखीम जन्मभराची आहे. इटलीचे गायक आंद्रेआ बोचेली यांना जन्मजात काचबिंदू होता. लहानपणी त्यांना थोडे दिसत असे, आणि बाराव्या वर्षी फुटबॉल खेळताना लागलेल्या मारामुळे तीही दृष्टी गेली. ताणलेल्या डोळ्याला साधा मारही महाग पडतो. पहिल्या काही वर्षांत चांगला राहिलेला दाब पुढे पुन्हा चढू शकतो, काही मुलांना दुसरी-तिसरी शस्त्रक्रिया लागते. म्हणजे ही मुलगी शाळेत जाईल, वयात येईल, तोवर वर्षातून दोन-तीन खेपा चुकत नाहीत.

मग मागायचे काय? महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारखी योजना शस्त्रक्रियेचा आणि सुटीनंतरच्या थोड्या दिवसांचा भार उचलते, त्यापुढची वर्षे घरच्यांची. कुपोषित बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवले तर सोबतच्या आईला बुडीत मजुरी देण्याची पद्धत सरकारने मान्य केलेली आहे. तत्त्व मान्य आहे, तर मग ते डोळ्यांच्या बाळाच्या आईला का लागू नाही? तपासणीच्या प्रत्येक खेपेची मजुरी आणि दोन माणसांचे भाडे मिळाले पाहिजे, आणि सोबत कोण गेले हे कार्डावर लिहिले गेले पाहिजे.

दुसरे, ओळखण्याचे. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तपासायच्या ३० आजारांची यादी ठरली. तीत जन्मजात मोतीबिंदू आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, पण जन्मजात काचबिंदूचे नाव नाही. आशा नवजात बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात वेळा जाते, त्या सगळ्या भेटींचे मिळून तिला २५० रुपये ठरले. तिच्या फॉर्मवर डोळ्यांत पू आहे का, एवढे विचारलेले असते. बाळ उजेडापासून तोंड फिरवते का, बुबुळ मोठे किंवा निळसर आहे का, हे दोन प्रश्न वाढवायला काही खर्च येत नाही. बाईंना हे जमेल का, असे कोणी अधिकारी विचारेल तर त्याला त्याच्याच जिल्ह्याचा इतिहास सांगावा. याच गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना शिकवले, त्यांनी तान्ह्या बाळांना इंजेक्शने देऊन जंतुदोष बरा केला आणि बालमृत्यू उतरवले. ते काम १९९९ साली लॅन्सेटमध्ये छापून आले आणि आशांच्या या घरभेटी त्यातूनच देशभर गेल्या. ज्यांनी इंजेक्शन दिले त्यांना टॉर्च धरता येईल. मात्र वाढीव प्रश्नांबरोबर वाढीव मानधनही द्यावे. आशाताईसुद्धा बाईच आहे आणि तिलाही फुकट राबवून घ्यायची सवय आपल्या व्यवस्थेला लागलेली आहे.

तिसरे, घरातले. थेंब घालायला बापाला दवाखान्यातच शिकवले पाहिजे. आमच्या मुलीच्या वेळी परिचारिकेने आईलाच हाताला धरून शिकवले आणि बाप दारात उभा होता. कोणी त्याला आत बोलावले नाही, तोही आला नाही. यंदा दिवाळीनंतर तो सासूकडून शिकला, कारण आई बाळंतपणाला माहेरी गेली होती. नवे बाळ मुलगा आहे, त्याचे डोळे दहाव्या दिवशी नागपूरला तपासले, दाब ठीक निघाला. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. मुलीची पुढची तारीख आषाढात, ऐन रोवणीत येते. बायकांना रोवणीची मजुरी असते आणि तान्हे अंगावर असते, म्हणून या खेपेला मुलीला घेऊन बाप एकटा जाणार असे घरात ठरले आहे. त्याचे तिकीट पूर्ण पडेल, यावर घासाघीस अजून चालू आहे.